मेमरीत जागा नाही

१

आमच्या दुकानाचे दोन भाग आहेत. पुढे दादा चष्मे विकतो, मागच्या खोलीत मी वाजवायचे जुने कीबोर्ड दुरुस्त करतो. मधे नुसता पडदा. "माझ्याकडे येतात त्यांना दिसत नसतं आणि तुझ्याकडे येतात त्यांना ऐकू येत नसतं," असं दादा नव्या माणसाला हमखास सांगतो आणि स्वतःच हसतो. दादा माझ्याहून बराच मोठा, त्यामुळे मीही हसतो.

माझ्याकडे येतात ते बहुतेक सॅम्पलर. माइकसमोर कसलाही आवाज करा, शिट्टी वाजवा, पेला आपटा, कुत्र्याला भुंकायला लावा. सॅम्पलर तो आवाज गिळतो आणि पट्ट्यांवर सुरात वाजवून दाखवतो. खालच्या पट्टीवर कुत्रा म्हातारा होतो, वरच्या पट्टीवर पिल्लू. खोड एकच. गिळलेलं सगळं मेमरीत राहतं आणि वीज बंद केली की पाटी कोरी. जपायचं असेल ते फ्लॉपीवर उतरवून ठेवावं लागतं. आता त्या फ्लॉप्यांना बुरशी आलीय आणि त्या वाचणाऱ्या यंत्रांचे पट्टे वितळलेत. म्हणून लोक माझ्याकडे येतात. मी फ्लॉपीचं यंत्र काढून तिथे मेमरी कार्ड बसवतो, जमल्यास रॅम, म्हणजे आवाज गिळायची जागा, वाढवून देतो. डोकं बाजूला ठेवून करण्यासारखं काम आहे. मला ते आवडतं.

काकू आल्या त्या भर दुपारी. मागून टॅक्सीवाला चादरीत गुंडाळलेला कीबोर्ड कडेवर घेतल्यासारखा घेऊन आला.

"हळू ठेवा हो, यांचा आहे," त्या टॅक्सीवाल्याला म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, "तुला अरे-तुरे केलं तर चालेल ना? माझ्या भाच्याएवढा आहेस."

मी म्हटलं चालेल.

"हे नाटकांना आवाज द्यायचे. म्हणजे बोलायचे नाहीत. पाऊस, वीज, घोडे, दारं. विंगेत हा घेऊन बसायचे. जाऊन वर्ष होत आलं. यांच्या पन्नास फ्लॉप्या घरात आहेत आणि ऐकायला यंत्र चालत नाही." त्यांनी पर्समधून एक फ्लॉपी काढून माझ्या हातावर ठेवली, मिठाचा खडा ठेवावा तशी. "सगळ्या जगाचे आवाज गोळा केले या माणसाने. स्वतःचा कुठे ठेवला नाही. फोनवरसुद्धा नाही. घरातला फोन मीच उचलायची. चुकून एखाद्या फ्लॉपीवर बोलले असतील, 'चाचणी, चाचणी' म्हणाले असतील, तर तेवढं मला शोधून दे."

बाकी काही मागितलं नाही. रॅम वाढवायची कल्पना माझी.

२

काम सरळ झालं. आतली धूळ काढली, कार्ड बसवलं, काकूंनी मागून पाठवलेल्या बाकीच्या फ्लॉप्या एकेक करून माझ्या जुन्या संगणकावर वाचून कार्डावर उतरवल्या. बऱ्याचशा वाचता आल्या. उतरवलेलं मी सगळं ऐकलं. पत्रा हलवून केलेला गडगडाट, करवंट्यांचे घोडे, तांदूळ ओतून केलेला पाऊस आणि दारं. या माणसाला दारांचा नाद असावा. कुरकुरणारी, आपटणारी, हळूच लोटलेली, रागाने ओढलेली, इतकी दारं की ऐकता ऐकता मला बिजागऱ्या ओळखू यायला लागल्या. माणूस कुठेच नाही. साधा खोकलासुद्धा नाही.

मला वाईट वाटलं. निदान यंत्र तरी चांगलं करून द्यावं म्हणून मी मूळची रॅम काढली आणि मोठी जोडी खाचेत बसवली. कोरी, पाकीट फोडून काढलेली.

यंत्र सुरू केलं. अशा वेळी स्क्रीनवर 'मेमरी रिकामी' असं दिसतं. दिसलं 'मेमरी पूर्ण', म्हणजे सगळी जागा भरलेली.

असं होतं. रॅम नीट बसली नाही की यंत्र काहीबाही बरळतं. मी काढली, टोकं पुसली, पुन्हा बसवली. मेमरी पूर्ण. मग सवयीने मधल्या सा वर बोट ठेवलं.

खोलीचा आवाज आला. खोली रिकामी असली तरी तिला आवाज असतो. हवेचा म्हणा, भिंतींचा म्हणा. त्यात लांबवर एक दार फरशीला घासत उघडलं. मग पाऊल. दुसरं पाऊल. तिसरं पडता पडता तुटलं, कारण मेमरी तिथे संपत होती.

पडदा सारून दादा आत डोकावला.

"कोण आलं रे मागच्या दाराने?"

"कुणी नाही."

"आत्ता दार वाजलं की."

आमच्या मागच्या खोलीला दुसरं दार नाही. हे दादालाही ठाऊक आहे, बांधकाम त्यानेच करून घेतलंय. मी पट्टी पुन्हा दाबून दाखवली, तेव्हा तो स्टुलावर बसला.

"फ्लॉपीवरचं काहीतरी राहिलं असेल."

"फ्लॉपीवरचं आत घातलंच नाही अजून. आणि रॅम बदलली."

"मग माइक?"

"माइक लावलेला नाही."

दादाने पुढे होऊन खालची पट्टी दाबली. पावलं जड झाली, दार एखाद्या गोदामाचं वाटलं. वरची दाबली तेव्हा उंदीर पळावा तशी लगबग. मग पंजा पसरून त्याने जमतील तेवढ्या पट्ट्या एकदम दाबल्या. कितीतरी दारं उघडली, कितीतरी जण एकदम चालायला लागले.

"अरे, पलटणच आली की!" दादा हसला. मीही हसलो. पट्ट्या सुटल्यावर खोली फारच शांत झाली, आणि दादाला पुढे गिऱ्हाईक आल्याचं आठवलं. गिऱ्हाईक आलेलं नव्हतं.

३

रात्रभर यंत्राची पिन भिंतीतून काढून ठेवली. सकाळी कार्डही काढून टाकलं. आता आत आवाज यायला वाट अशी कुठेच नव्हती. मेमरी पूर्ण. तेच दार, तीच पावलं.

त्याहून मोठी जोडी बसवली. तर्क सोपा होता. बिघाड असेल तर आवाज बदलेल किंवा जाईल. तसं काही झालं नाही. तो लांबला. तिसरं पाऊल नीट पडलं, चौथं पडलं, पुढेही बरीच पडली, आणि एका सैल फरशीचा डुगडुग असा आवाज आला. मग पुन्हा तुटलं.

मी काकूंना फोन केला. काय सांगावं ते ठरलं नव्हतं, म्हणून म्हटलं, "एक आवाज सापडलाय, ओळखता येतो का बघा."

त्या आल्या, पर्स मांडीवर घेऊन स्टुलावर ताठ बसल्या. मी पट्टी दाबली. दार घासलं तेव्हा त्यांनी मान वर केली. फरशी डुगडुगली तेव्हा तोंडावर हात धरला.

"आमचा पॅसेज," त्या म्हणाल्या. "स्वयंपाकघराचं दार असंच घासतं. ही फरशी बसवून घ्या, बसवून घ्या म्हणून माझी जीभ झिजली. पुन्हा लाव."

मी पुन्हा लावलं. त्यांनी डोळे मिटले.

"स्वयंपाकघरातून येतायत. बाहेरच्या खोलीकडे. हा तिथेच असायचा, खिडकीखाली." त्यांनी कीबोर्डवर हात ठेवला. "पुढे का नाही येत?"

"मेमरी संपते, काकू. तेवढीच जागा आहे."

"मग जागा कर."

मी सांगून पाहिलं. हे फ्लॉपीवरचं नाही, नव्या रॅममध्ये हे येऊच शकत नाही, मला हे कळत नाही आणि जे कळत नाही ते वाढवू नये. त्या ऐकून घेत होत्या. रुग्णाचे नातेवाईक डॉक्टरचं ऐकतात ना, तसं.

"एक सांगू?" मी म्हटलं. "तुम्ही म्हणाला होतात, ते रंगमंचावरून पडले होते. पाय ओढायचे."

"डावा."

"ही दोन्ही पावलं सारखी पडतायत."

काकूंनी पर्सची चेन उघडली, लावली.

"आता दुखत नसेल," त्या म्हणाल्या.

४

मी जागा केली. का केली, याचं उत्तर मला देता येतं. काकूंसाठी. आणि दुसरं म्हणजे, पुढे काय आहे ते मलाही ऐकायचं होतं.

या वेळी काकूही दुकानात बसल्या होत्या. आवाज पॅसेजच्या टोकापर्यंत आला. त्यामागे एक बारीक घरघर आधीपासून होती, ती आता स्पष्ट झाली. मधूनच थांबायची, थांबताना एक ठोका द्यायची.

"फ्रिज," काकू म्हणाल्या, आणि मग जरा वेळाने, "पण हा नवा फ्रिज आहे. ठोका देतो म्हणून मी परत करणार होते. हा हे गेल्यावर घेतलाय."

"फ्रिज सगळे सारखेच वाजतात," मी म्हणालो.

"हो ना," त्या म्हणाल्या. "यांना आवडला असता. त्या ठोक्याची लगेच फ्लॉपी केली असती."

आणखी एक गोष्ट मी त्यांना सांगितली नाही. आधी आवाज तुटायचा तो अर्ध्या पावलावर, कात्रीने कापल्यासारखा. या वेळी तो तुटला नाही. मेमरी संपायच्या थोडं आधीच पावलं थांबली. मग नुसता फ्रिज, नुसती खोली, आणि शेवट. कुणीतरी चालत येऊन, पुढे जमीन नाही हे पाहून उभं राहावं तसं. मी पुन्हा पुन्हा वाजवून पाहिलं. दर वेळी त्याच जागी.

दादा दोन दिवस मागे आला नव्हता. त्या दिवशी पडद्याआडूनच बोलला.

"दे परत तो. झाला म्हण आणि दे."

"एक जोडी अजून मावते त्यात."

"मावते म्हणून घालायलाच पाहिजे का?"

मी म्हणालो, काकूंना कबूल केलंय. तेही खरंच होतं.

५

शेवटची जोडी मी काकूंच्या घरी जाऊन बसवली. तसा त्यांचा हट्ट होता. "यांना जागा ओळखीची वाटेल," म्हणाल्या.

घर तळमजल्यावर, नीटनेटकं. बाहेरच्या खोलीत खिडकीखाली टेबल, त्यावर कीबोर्ड. टेबलाच्या बरोबर समोर पॅसेज, पॅसेजच्या टोकाला स्वयंपाकघराचं दार. मी पाणी मागितलं. काकू उठून आत गेल्या, आणि दार फरशीला घासलं. तो आवाज मी इतक्या वेळा ऐकला होता की माझं बोट आपोआप हललं, पट्टी सोडल्यासारखं. येताना फरशी डुगडुगली.

ऊन खिडकीतून थेट पट्ट्यांवर पडलं होतं. बाहेर कुणीतरी गालिचा झोडपत होतं. हे मुद्दाम सांगतोय, कारण नंतर दादाने विचारलं, अंधार होता का, दमला होतास का. अंधार नव्हता. मी दमलोही नव्हतो.

झाकण लावलं, यंत्र सुरू केलं. मेमरी पूर्ण.

"मी दाबते," काकू म्हणाल्या. त्यांनी साडी सारखी केली, केस मागे घेतले आणि मधल्या सा वर बोट ठेवलं.

दार. पावलं. फरशी. पावलं पॅसेजमधून आली, गेल्या वेळी थांबली होती त्या जागेवर एक क्षण रेंगाळली, आणि मग पुढे निघाली. आता ती खोलीत होती. टेबलाजवळ आली. आवाज इतका जवळ की स्पीकरची जाळी थरथरत होती. थांबली. कुणीतरी वाकलं असावं, कारण कापडाची सळसळ आली.

"आलात?" काकू म्हणाल्या.

उत्तर यायला वेळ लागला. शब्द शोधावा लागतोय, असा वेळ. मग स्पीकरमधून आलं, "अगं."

मी सगळ्या फ्लॉप्या ऐकलेल्या होत्या. म्हणून मला ते काकूंच्या आधी कळलं. तो 'अ' गळ्यातून आलेला नव्हता. ती बिजागरी होती, हळूच लोटलेल्या एका दाराची, ओढून लांब केलेली. आणि 'गं' म्हणजे पत्रा. गडगडाटाचा पत्रा, अगदी नखाने हलवल्यासारखा. त्या माणसाने आपला आवाज कुठे ठेवला नव्हता, आणि हे जे कोण होतं त्याने घरात सापडलं त्यातून बोलायचं जमवलं होतं.

"अगं," ते पुन्हा म्हणालं. या वेळी जास्त चांगलं जमलं.

काकूंचा चेहरा मी पाहत होतो. त्यावर आनंद उमटायला सुरुवात झालेली होती आणि तो तसाच राहिला, निम्मा.

"हे आमचे हे नाहीत," त्या म्हणाल्या, आणि बोट उचललं.

पट्टी वर आली नाही.

स्प्रिंगा जुन्या असतात, पट्ट्या अडकतात, मी हजार वेळा पाहिलंय. मी हेच म्हणणार होतो. तेवढ्यात तिच्या शेजारची पट्टी खाली गेली. आपटली नाही. हळूहळू, उन्हात स्पष्ट दिसेल अशी खाली दबली, अंधारात चाचपडताना बोट टेकावं तशी. मग तिच्या पुढची. स्पीकरमधून आणखी एक दार उघडलं, मग आणखी एक.

मी पिन उपटली. आवाज गेला. स्क्रीन काळा झाला. पट्ट्या मात्र दबलेल्याच होत्या. मग सगळ्यात शेवटी दबलेली वर आली, मग तिच्या आधीची, आणि शेवटी सा.

बाहेर गालिचा झोडपणं चालूच होतं.

६

"काढ," काकू म्हणाल्या. "घातलंस ते सगळं काढ."

मी एकेक जोडी काढली. मूळची छोटी रॅम परत बसवली. पिन लावायला मन होत नव्हतं, पण तपासल्याशिवाय काम पुरं होत नाही. लावली. मेमरी रिकामी. मधला सा दाबला, काहीच वाजलं नाही. असं यंत्र पाहून इतकं बरं मला कधी वाटलं नव्हतं.

काकूंनी चादर आणून त्यावर टाकली, जशी आणताना होती तशी. मला दारापर्यंत सोडायला आल्या.

"माझंच चुकलं," त्या म्हणाल्या. "नाही ते नाही. तेवढं कळायला हवं होतं."

मी काढलेली रॅम पिशवीत घालून दुकानात आणली. संध्याकाळी दादा फक्त म्हणाला, "चहा घे." रॅम मी खणात टाकली आणि पुढचं काम घेतलं. कुणाच्या तरी मुलीच्या लग्नात वाजवायचा साधा कीबोर्ड होता, पट्ट्या चिकटलेल्या. पट्ट्या चिकटलेलं काम मी त्या आठवड्यात दादाकडून करून घेतलं.

काकूंचा फोन आला तो बऱ्याच दिवसांनी, सकाळी. आवाज बसलेला, झोप न झालेल्या माणसाचा.

"ते काढलेलं आहे ना तुझ्याजवळ?"

"आहे. का?"

"येऊन परत बसव."

"काकू, आता कशाला? रिकामं झालंय ते. तुम्हीच पाहिलंत."

"यंत्र रिकामं झालं रे," त्या म्हणाल्या. "तू त्याची जागा काढून घेतलीस. ते जाणार कुठे? आधी निदान आत होतं. पट्टी दाबली तर यायचं, सोडली की थांबायचं. आता कुणी सोडायचं?"

फोनमध्ये मागे फ्रिज घरघरत होता. त्याने ठोका दिला आणि तो थांबला. मग दार फरशीला घासलं.

काकूंनी फोन थोडा लांब धरला असावा, कारण पुढचं बोलणं बारीक ऐकू आलं, आणि ते माझ्याशी नव्हतं.

"अहो, थांबा जरा. येतोय तो."

७

मी गेलो. दादाला सांगून गेलो. तो दुकान बंद करून बरोबर यायला निघाला होता, मीच नको म्हटलं.

काकू बाहेरच्या खोलीत होत्या. खुर्ची भिंतीला टेकवून बसल्या होत्या, पॅसेज समोर दिसेल अशी. मी आत गेल्यावर त्यांनी ओठांवर बोट ठेवलं नाही, पण आम्ही दोघंही हळू बोललो.

चादर काढली. झाकण उघडलं. मूळची रॅम काढली आणि दुकानाच्या खणातून आणलेली एकेक जोडी खाचेत बसवली, मावेल तेवढी सगळी. प्रत्येक जोडी बसताना टक असा आवाज होतो. प्रत्येक टक नंतर काकू पॅसेजकडे पाहायच्या. झाकण लावलं, स्क्रू घट्ट केले, पिन लावली.

यंत्र सुरू झालं. स्क्रीन आधी पांढरा झाला, मग अक्षरं आली. मी ती वाचली. परत वाचली.

मेमरी रिकामी.

नव्या रॅमचं यंत्र असंच असायला हवं. मी बसवलेल्या कुठल्याही यंत्रावर हेच दिसतं. मी मधला सा दाबला. खालचा दाबला. वरचा दाबला. कुठेही काही नव्हतं, केवढी तरी जागा होती आणि त्यात कुणी नव्हतं.

"गेले का आत?" काकूंनी विचारलं. चष्म्याशिवाय त्यांना स्क्रीन वाचता येत नसावा. त्या माझ्या चेहऱ्याकडे पाहत होत्या.

"गेले," मी म्हणालो.

काकूंचे खांदे खाली आले. "बरं झालं," त्या म्हणाल्या. "बरं झालं बाबा." मग उठल्या, पॅसेजमधून गेल्या, फरशी डुगडुगली. त्यांनी स्वयंपाकघराचं दार ओढून घेतलं, ते घासत घासत लागलं. परत येऊन खुर्चीत बसल्या आणि कितीतरी दिवसांनी बसल्यासारखे पाय लांब केले. मी स्क्रूड्रायव्हर पिशवीत ठेवत होतो.

तेव्हा दार पुन्हा घासलं.

काकू माझ्याकडे पाहत राहिल्या आणि मी त्यांच्याकडे. तिकडे आम्ही दोघांनीही पाहिलं नाही.